पान्याआधी वही: कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसलेली जुनी गाडी उभी करताना

माझी गाडी पुढून महिंद्राची सीजे-थ्रीबी जीप आहे आणि मागून कपाट. फलटणकडच्या एका बागायतदार घराण्यानं कधीकाळी जीपचा मागचा पत्रा उतरवून त्यावर सागवानी घर चढवून घेतलं. दोन्ही बाजूंना दारं, छपराला कॅनव्हास, आणि खिडक्या चामड्याच्या पट्ट्यानं खाली-वर करायच्या, जुन्या रेल्वेच्या डब्यात असायच्या तशा. अशी दुसरी गाडी जगात नाही. हे घेताना फार भारी वाटलं होतं. मागच्या दाराची बिजागरी तुटली आणि ती कुठल्याच दुकानात मिळणार नाही हे लक्षात आलं, तेव्हा तेच वाक्य वेगळं ऐकू आलं.

फियाट किंवा अँबेसेडर उभी करणाऱ्याला अडलं की विचारायला माणसं असतात, पार्ट असतात, छापील मॅन्युअल असतं. आपल्याला यातलं काही नाही. त्यामुळे आपलं मॅन्युअल आपणच लिहायचं, आणि तेही पान्याला हात लावायच्या आधी. मी उलट केलं. गाडी घरी आली त्या पहिल्याच रविवारी उत्साहात मागचं सगळं खोललं आणि स्क्रू एका डब्यात भरले. मागच्या सीटखाली लोखंडाचा एक वाकडा आकडा होता, तो बिनकामाचा समजून भंगारात दिला. दोन महिन्यांनी मूळ मालकांच्या घरून एक जुना फोटो आला. त्या आकड्यावर पाण्याचं पिंप अडकवलेलं होतं. तो आकडा आता अंदाजानं बनवलेला आहे आणि अंदाजानं बनवल्यासारखाच दिसतो.

अशा गाड्या आल्या कुठून

एके काळी मोटार विकत घेणं म्हणजे चासी (खालचा लोखंडी सांगाडा), इंजिन आणि चाकं विकत घेणं. वरची बॉडी गिऱ्हाईक वेगळ्या कारागिराकडून बांधून घेई. रोल्स-रॉइस दुसऱ्या महायुद्धापर्यंत याच पद्धतीनं चालली. ज्याच्या खिशात पैसा आणि डोक्यात लहर त्याला मग मोकळं रान. कलकत्त्यात राहणाऱ्या रॉबर्ट मॅथ्यूसन यांनी १९१० साली इंग्लंडमधल्या ब्रूक कंपनीकडून चक्क हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली. चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडे आणि मागून रस्त्यावर चुन्याची निवळी सांडे, म्हणजे हंस शिटला असं वाटावं. ती पुढे नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आता नेदरलँड्समधल्या हेग शहरात लाउमन संग्रहालयात आहे.

आपल्याकडच्या विचित्र गाड्यांमागे मात्र लहरीपेक्षा गरज जास्त. ट्रक आपल्याकडे नुसत्या चासीवर विकला जायचा आणि केबिन, हौदा, फाळका हे सगळं बॉडीवाल्याकडे. तोच कारागीर मग जीपला ॲम्ब्युलन्स करी, डॉज ट्रकला सर्कशीची गाडी करी. पुण्याचा यात मोठा वाटा. नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं तीनचाकी हॅन्सियाट आणली आणि तिच्यावरून मराठीत कुठल्याही छोट्या मालवाहू गाडीला टेम्पो म्हणायची सवय लागली. या तीनचाकीचं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकाच चाकावर बसतं आणि साखळीनं त्याच चाकाला फिरवतं, मागे नुसता सांगाडा. याच कंपनीच्या नंतरच्या मॅटाडोर व्हॅनचंही तसंच. ताकद पुढच्या चाकांना, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, नाही, म्हणून तळ खाली आणि सपाट. अशा तळावर वाटेल ते उभं करता येतं आणि लोकांनी केलंही: शाळेची गाडी, शववाहिका, फिरतं दुकान.

पहिलं काम: खाली कोण आहे ते ओळखा

बॉडीवर भुलू नका, तिच्याखाली शिरा. हे शब्दशः करायचंय. कपडे खराब होणार हे धरून जा, टॉर्च, वायर ब्रश, टेप आणि खडू घेऊन.

आधी व्हीलबेस मोजा, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. जुन्या विलीज आणि सीजे-थ्रीबी जीपचा हा आकडा ८० इंच. तुमच्या हातातल्या ‘जीप’चा ९५ आला तर चासी कापून लांबवलेली आहे किंवा ती या जातीची जीपच नाही. दोन बाजूंत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर गाडी कधीतरी जबर आपटली आहे. मग चासीच्या दोन्ही दांड्यांवरून ब्रश फिरवा. जोड दिला असेल तर वेल्डिंगची रेघ सापडते. तिरका जोड आणि आतून पट्टी असेल तर करणाऱ्याला अक्कल होती. सरळ उभी रेघ आणि वर ग्राइंडर मारून लपवलेली असेल तर नमस्कार करून परत या.

नंतर बॉनेट. सीजे-थ्रीबीचं बॉनेट उंच असतं, कारण तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि इंजिनाची उंची त्यामुळे वाढली. युद्धातल्या विलीजचं बॉनेट बसकं आणि जाळीत नऊ खाचा, नंतरच्या मुलकी सीजेला सात. विकणारा ‘वर्ल्ड वॉरची आहे साहेब’ म्हणाला की गप्प राहून खाचा मोजायच्या. इंजिन मूळचं आहे का हेही आत्ताच बघा. डिझेल स्वस्त होतं त्या काळात कितीतरी पेट्रोल जीपांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली आणि कागदावर मात्र पेट्रोलच राहिलं.

शेवटी चुंबक. साधं फ्रिजवरचं चालेल, रुमालात गुंडाळून अंगावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे एकतर ॲल्युमिनियम आहे किंवा बोटभर पुटी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप. टिचकी मारली की कळतं: ॲल्युमिनियम वाजतं, पुटी मुकी असते.

कागद, जिथे बहुतेकांचा नाद संपतो

सौदा करण्याआधी आरसीवरचा चासी नंबर आणि प्रत्यक्ष नंबर स्वतः ताडा. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो, तो वहीत चिकटवा. आरसीतला ‘बॉडीचा प्रकार’ हा रकाना नीट वाचा. तिथे स्टेशन वॅगन किंवा तत्सम काही त्याच काळात नोंदलं असेल तर तो कागद सोन्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. म्हणजे जुनी, नोंदलेली विचित्र बॉडी सांभाळणं ही एक गोष्ट आणि आज जुन्या चासीवर नवी विचित्र बॉडी चढवणं ही अगदी दुसरी. हा लेख पहिलीबद्दल आहे. दुसरीच्या वाटेला जाऊ नका.

मालक हयात नसेल तर वारसाच्या नावे आधी हस्तांतर, त्याला फॉर्म ३१. हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या कार्यालयाकडची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कर्जाचा बोजा आरसीवर अजून दिसत असेल तर फॉर्म ३५ लागतो, आणि इथे गंमत अशी की कर्ज देणारी बँक कधीच दुसरीत विलीन झालेली असते. तो शोध विकणाऱ्याच्या गळ्यात घाला, पैसे त्यानंतर. एमएच-१२ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर सरकारच्या ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत तो चढला आहे का पाहा, नसेल तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत यासाठी दोन-तीन खेपा धरूनच चला. आरसी सरकारी खात्याच्या नावावर असेल तर जास्तच जपून, कारण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकरण होत नाही.

आता ‘व्हिंटेज’ नोंदणीचं, कारण लोक हेच पहिलं विचारतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज फॉर्म २० वर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. यात आपल्यासारख्यांसाठी तीन अडचणी आहेत. एक, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही अट, आणि आपली तर बॉडीच वेगळी. त्यामुळे ती त्या काळातली आहे याचा पुरावा हवा: जुनी आरसी, जुने फोटो, बॉडीवाल्याची पावती. दोन, नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकीसाठी आहे, तेव्हा ट्रक किंवा तीनचाकी हॅन्सियाट घेणार असाल तर आधी आरटीओत विचारा, मग ॲडव्हान्स द्या. तीन, अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. माझं मत विचाराल तर साधी खासगी नोंदणी जिवंत असेल तर तीच दर पाच वर्षांनी पुढे न्यावी. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी खायला जाणं हे तांत्रिक संशोधन आहे असं पोलिसाला पटवणं अवघड जातं.

वही

दोनशे पानी, पुठ्ठ्याची, आखीव. मोबाइलमधले फोटो हवेतच, पण फोटोत माप कळत नाही. गाडी जशी आहे तशी, धुळीसकट, आठही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत फूटपट्टी ठेवा. मग एकेक पान एकेका भागाला: डावं पुढचं दार, उजवं मागचं दार. हो, वेगवेगळी पानं, कारण हातानं बांधलेल्या गाडीत डावं आणि उजवं कधीच सारखं नसतं. माझ्या गाडीची दोन मागची दारं तीन सुतांनी वेगळी आहेत. सुतारानं चौकट आधी उभी केली आणि दार त्या भोकाला बेतलं. उजव्यावरून डाव्याचं माप घेतलंत तर लाकूड वाया गेलं समजा.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि इथे ते माहीत असायलाच हवं. या गाड्यांत मिलिमीटर शोधत बसू नका. बोल्टची जात मात्र वहीत लिहा. अमेरिकन आटे ६० अंशांचे, ब्रिटिश व्हिटवर्थ ५५ अंशांचे. बऱ्याच मापांत दोन्हीचे आटे इंचामागे सारखे असल्यानं नट फसवून चढतो. चार सुताला, म्हणजे अर्ध्या इंचाला, चोरी पकडली जाते: अमेरिकन जाड आटा इंचाला १३, व्हिटवर्थ १२. चासी अमेरिकन आणि वरची बॉडी इथे व्हिटवर्थ बोल्टांनी बांधलेली, असं सर्रास सापडतं. आटे मोजायचा पिच गेज स्वस्त मिळतो, तो घ्या आणि एकही बोल्ट जबरदस्तीनं आवळू नका.

खोलताना प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर पान नंबर. कशाचंही काम कळत नसेल तर ते भंगारात जात नाही. माझा आकडा आठवा. आणि जमलं तर मूळ मालकांच्या गावी एकदा जाऊन या, पेढे घेऊन. आल्बमात लग्नाच्या फोटोंमागे गाडी उभी असतेच.

काय ठेवायचं, काय बदलायचं

यावर भांडणं होतात. माझा हिशेब साधा आहे. जीव ज्यावर अवलंबून आहे ते सगळं नवं किंवा नव्यासारखं: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पेट्रोलची लाइन, वायरिंग. उरलेलं जुनंच, कुरूप असलं तरी. दोन लोक हमखास चुकतात. एक जण बॉडी काढून गाडी ‘ओरिजिनल जीप’ करतो. दुसरा तिला आणखी गंमतशीर करायला जातो, पितळी भोंगे, साइडला स्टेपन्या, नट्यांच्या गाडीसारखे पडदे. दोघांच्याही हातून बांधणारा सुतार पुसला जातो.

पोटातली कामं

इंजिन हा सगळ्यात सोपा भाग, कारण ते तरी कंपनीचं असतं. जीपचे आणि मॅटाडोरचे बरेच पार्ट नाना पेठेत अजून निघतात. मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या ओएम६१६ जातीचं डिझेल असेल तर काळजीच नको, त्याच घराण्यातलं इंजिन बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स गाडीतही होतं. बोअर, क्रँक ग्राइंडिंग वगैरे कुठलाही जाणता लेथवाला करेल. पेट्रोल इंजिनवाल्यांनी दोन गोष्टी बघायच्या. शिसं असलेलं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, आणि त्याच शिशानं जुन्या नरम व्हॉल्व्ह सीटांचं, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यांचं, रक्षण होत असे. हेड उघडलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या. दुसरं म्हणजे आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. सगळे होज इथेनॉल सोसणारे घाला, कार्बोरेटरच्या आधी काचेचा फिल्टर लावा आणि पहिले पाच-सहा दिवस तो रोज बघा. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ते घरी नाही, आणि ‘रिकामी आहे हो’ यावर विश्वास नाही. रिकाम्या टाकीतली वाफच उडते. रेडिएटरवाला ती उकळत्या पाण्यानं धुऊन, सुकवून मगच हात लावेल.

ब्रेकवर मात्र कंजुषी नको. या गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असतं. एका चाकाचं रबर फाटलं की पेडल सरळ तळाला. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडा, खड्डे पडले असतील तर स्लीव्ह (आतून नवी नळी) मारून घ्या, सगळे पाइप आणि होज नवे. ब्रेक ऑइलच घाला, कुणी दुसरं काही सुचवलं तरी इंजिन ऑइल नाही, त्यानं रबर फुगून ब्रेक जाम होतो. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं, फुंकर मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

टायरचं एक सांगून पुढे जातो. ६.००-१६ हे माप सहज मिळतं, कारण तेच ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला लागतं. पण म्हणूनच दुकानदार ट्रॅक्टरचा टायर हातात ठेवतो. तो रस्त्याच्या वेगासाठी नसतो. बाजूवर काय छापलंय ते वाचून घ्या.

लाकूड, पत्रा, काच

लाकडात दाभण खुपसून बघा, विशेषतः दाराच्या खालच्या आडव्या पट्टीत आणि जिथे बॉडी चासीवर बसते तिथे. दाभण सहज गेला तर तेवढा तुकडा बदलायचा. पूर्ण चौकट बदलण्याचा मोह टाळा. कुजलेला भाग तिरका कापून जोड द्या, म्हणजे बाकीचं मूळ राहतं. लाकडासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जा, पण नवा सागवान मागू नका. पेठांतले वाडे पाडले की त्यांच्या तुळया बाजारात येतात. कित्येक दशकं वाळलेलं ते लाकूड आता हलणार नाही. कापण्याआधी खिळे नीट शोधून काढा, नाहीतर करवतवाला शिव्या देतो आणि त्या बरोबर असतात.

सुतार निवडताना फर्निचरवाला घेऊ नका. फर्निचर जागेवर उभं असतं, गाडी पिळवटते. मला ज्यांनी दारं करून दिली ते काका पूर्वी टांग्यांची कामं करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा फेव्हिकॉलचा डबा बाजूला सारला आणि म्हणाले, “चिकटवलेलं दार खड्ड्यात उघडतं. जोड हलू दे, पण सुटू नको दे.” चौकटीचे मुख्य सांधे त्यांनी बोल्टनं आवळले आणि बॉडी-चासीमध्ये जाड रबराचे तुकडे घातले. स्क्रू पितळी. पण लाकडावरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला लोखंडी किंवा पितळी स्क्रू अजिबात नको. दोन धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरी पावडर होऊन गळतं. आणि लाकडी बॉडी चढलेली असताना गाडीला वेल्डिंग लावायचं नाही. लावावंच लागलं तर ओली गोणपाटं आणि बादली हाताशी, आणि वेल्डिंगनंतर तासभर तिथेच बसून राहा.

काचेचं आपलं नशीब चांगलं. हातानं बांधलेल्या गाड्यांची काच बहुतेक सपाट असते आणि सपाट काच कोणीही कापून देतो. पुढे लॅमिनेटेड, बाजूला टफन्ड. साधी खिडकीची काच लावली तर फुटल्यावर सुरी होते.

वायरिंग पूर्ण नवं घाला, प्रत्येक सर्किटला फ्यूज द्या, आणि त्याआधी गाडी ६ व्होल्टची की १२ ची, बॅटरीचं प्लस चासीला (अर्थ) जोडलंय की मायनस, हे वहीत लिहा. युद्धकाळातली विलीज ६ व्होल्टची. रंगासाठी पुण्यात दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतचाच काळ धरा. पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट पांढुरका पडतो. शिवाय गणपती ते दसरा पेंटर फोन उचलत नाही.

काट्यावर, मग रस्त्यावर

रस्त्यावर काढण्याआधी गाडी मार्केट यार्डकडच्या एखाद्या वजनकाट्यावर न्या. ही पायरी कोणी करत नाही, आणि आपल्या गाड्यांना हीच सगळ्यात जास्त लागते, कारण वर चढवलेल्या बॉडीचं वजन कुणीही कधी मोजलेलं नसतं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवरचा भार कळतो. माझ्या गाडीत तो इतका जास्त निघाला की मागच्या कमानपाट्यांत एक जादा पाटा टाकावा लागला आणि छपरावरचं कॅरियर उतरवावं लागलं. उंच लाकडी बॉडीचा गुरुत्वमध्य वर असतो, वळणावर जीप समजून चालवली तर ती तुम्हाला समजावेल.

पहिल्या दिवशी सोसायटीचं मैदान, हँडब्रेक, वीसच्या वेगात दहा वेळा पूर्ण थांबणं. प्रत्येक वेळी ब्रेकच्या ड्रमला हाताची मागची बाजू लांबून दाखवा. एकच चाक तापत असेल तर ते ओढतंय. दुसऱ्या आठवड्यात पहाटेचा सपाट रस्ता. दिवे घाट किंवा कात्रजचा जुना घाट किमान तीनशे किलोमीटर झाल्याशिवाय नाही, आणि उतारावर चढाचाच गियर. परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हा आवळा, लाकडी बॉडीचे तर तीन वेळा.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर सुटी करा, चाकं ठोकळ्यांवर घ्या, टाकी रिकामी ठेवा आणि आठवड्यातून एकदा दारं उघडून लाकडाला हवा द्या. कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाका. वही मात्र गाडीत ठेवू नका, उंदीर वायरींच्या आधी कागदच खातात.